मौनाची थाप

गाद्यांच्या दुकानात त्यांना सगळे गोडबोले म्हणायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते मालकालाही आठवावं लागे. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, या एका म्हणीवर त्यांनी सगळी नोकरी काढली. पाठ धरलेलं गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "या गादीवर माझी आई झोपते, सकाळी ताठ उठते." आई जाऊन कैक वर्षं झाली होती. नवं जोडपं आलं की म्हणायचे, "आम्ही लग्नात हीच घेतली, अजून तश्शी आहे." त्यांच्या घरी मात्र पलंगावर जुनी कापसाची गादी होती. तिच्यात मधोमध खड्डा पडलेला, आणि झोपेत दोघंही नवराबायको त्या खड्ड्याकडे घरंगळायची.

बायको याच्या अगदी उलट. ती मुळातली स्पष्टवक्ती नव्हे. लग्नानंतर बरीच वर्षं तीही चारचौघींसारखीच बोलायची. लेक ठमी शाळेत असताना हिचे गुडघे दुखायला लागले म्हणून ती योगाच्या वर्गाला जाऊ लागली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे तो वर्ग चाले. शिकवणाऱ्या बाई म्हाताऱ्या, पण पाठीचा कणा छडीसारखा. सुरुवातीचे कितीतरी दिवस त्यांनी आसन शिकवलंच नाही. म्हणाल्या, "गुडघे नंतर वाकवू, आधी जीभ सरळ करू. जे नाही ते आहे म्हणायचं नाही. एवढं जमलं की बाकीचं शरीर ऐकायला लागतं." बायका हसल्या, आणि हळूहळू गळाल्या. हिने ते मनावर घेतलं.

त्याचे परिणाम घरादाराला भोगावे लागले. शेजारणीने नवे पडदे दाखवून विचारलं, "कसे वाटतात?" ही म्हणाली, "रंग मला नाही आवडला. पण ऊन चांगलं अडतं." शेजारीण त्यानंतर जिन्यात भेटली की भिंतीकडे बघत चढायची.

"अगं, नुसतं छान म्हणायला काय जातं?" गोडबोले चिडायचे. "तुझ्या या खरं बोलण्यापायी आपल्याला कुणी जेवायला बोलवत नाही."

"बोलवतील त्यांच्याकडे पोटभर जेवू," ती म्हणायची.

रोज दिवेलागणीला खिडकीपाशी सतरंजी घालून ती बसायची आणि डोळे मिटून 'हरि ॐ तत्सत्' म्हणत राहायची. मोठ्याने नाही, पुटपुटतही नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्याला ऐकू यावं, पण त्याचं काम थांबू नये, इतपत. ठमी लहानपणी त्या आवाजात अभ्यास करायची. गोडबोल्यांनी एकदा अर्थ विचारला तर म्हणाली, "तेच खरं आहे, एवढाच." आणि मग, त्यांनी विचारलं नव्हतं तरी, "दिवसभर ज्या तोंडाने काहीबाही बोलायचं त्याच तोंडाने संध्याकाळी हे म्हणायचं, म्हणजे चिखलाच्या पायांनी धुतलेल्या चादरीवर चालणं. बाई म्हणतात, खरं बोलत गेलं की शब्दाला वजन येतं."

"आमच्या धंद्यात शब्द हलकाच बरा," गोडबोले म्हणाले. "गिऱ्हाइकाला उचलून न्यायला सोपा."

यावर ती खळखळून हसली होती. त्यांच्या विनोदाला ती हसली म्हणजे विनोद खरंच बरा झाला असणार, हे त्यांना ठाऊक होतं. दुकानातल्या कुणाच्या हसण्याबद्दल ते असं सांगू शकले नसते.

ठमी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन दुसऱ्या देशात गेली. विमानाने जायचं तरी अख्खा दिवस मोडावा इतकं लांब. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, तेही अवघडच. डॉक्टरांनी तिला पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं. आणि त्याच उन्हाळ्यात एका सकाळी, पावाला लोणी लावता लावता, आईच्या उजव्या हातातून सुरी गळून पडली.

"अहो, ते..." ती म्हणाली. पुढचा शब्द आला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ती खुर्चीतून हळूहळू कलली.

दवाखान्यात सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली होती, ती थोडीफार येईल म्हणाले. बोलण्याचं सांगता येत नाही म्हणाले. तिला समोरच्याचं सगळं कळत होतं, डोळ्यांत दिसायचं. पण बोलायला जावं तर ओठ हलत, घसा हलत, आणि काहीच बाहेर येत नसे. मग एका दिवेलागणीला, वॉर्डातले दिवे लागत असताना, तिच्या तोंडून स्वच्छ, खणखणीत शब्द आले, "हरि ॐ तत्सत्."

गोडबोले धावत जाऊन नर्सला घेऊन आले. "बोलली! अहो, बोलली!"

नर्सने वाकून विचारलं, "नाव काय तुमचं?"

"हरि ॐ तत्सत्."

"कुठे दुखतंय का?"

"हरि ॐ तत्सत्."

नर्स दुसऱ्या धर्माची होती. तिने गोडबोल्यांना हळूच विचारलं, "हे यांचं माहेरचं नाव का?"

घरी आणल्यावरही तेवढंच राहिलं. पाणी हवं तरी तेच, पंखा नको तरी तेच. गोडबोल्यांनी दुकान सोडलं. पहिले काही दिवस त्यांना वाटलं, देव आपली थट्टा करतोय. भांडण करावं म्हटलं तरी समोरून मंत्र यायचा. पण हळूहळू त्यांच्या कानाला फरक कळायला लागला. 'तत्'वर जोर दिला की ते, तिकडचं, पलीकडचं. 'सत्' लांबवलं की पुरे झालं. 'हरि' दोनदा तुटून आलं की संडासला न्या, लवकर. आणि सगळं एका दमात, खालच्या पट्टीत आलं की ती रागावलेली असायची. त्या एका मंत्रात त्यांनी तिच्या शिव्यासुद्धा ऐकल्या.

तरी घर रिकामं वाटायचं. आयुष्यभर बोलून आलेल्या माणसाला बोलायला कुणी उरलं नव्हतं. ते तिच्याशी बोलायचे, पण ते बोलणं दुकानातलंच होतं. "आज चेहरा काय फुललाय! महिन्याभरात पळायला लागशील बघ." ती त्यांच्याकडे नुसती बघायची. पूर्वी अशा वेळी ती म्हणायची, "पुरे. विकून झाली गादी." आता ते कुणी म्हणत नसल्यामुळे त्यांची वाक्यं कुठे थांबायचं ते विसरून लांबत जायची आणि मध्येच, कारण नसताना, संपायची. एकदा भाजी आणायला बाहेर पडले आणि पाय आपसूक दुकानाकडे वळले. जुने सोबती जमले, चहा आला. "वहिनी कशा आहेत?" कुणीतरी विचारलं. "मस्त! आता वाक्यंच्या वाक्यं बोलते," गोडबोले म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. मग एक गिऱ्हाईक आलं, तसे सगळे उठले. गोडबोले एका नव्या गादीच्या कडेला बसून राहिले. तिच्यावरचं प्लास्टिक त्यांच्याखाली करकरत होतं. घरी जाऊन हे कुणाला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते बराच वेळ उठले नाहीत.

ठमीला त्यांनी काही कळवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा म्हणाले, आईचा घसा बसलाय. पुढच्या वेळी म्हणाले, झोपलीय. पण घसा किती दिवस बसणार आणि माणूस किती झोपणार? ठमीचा आवाज कातर व्हायला लागला. "बाबा, खरं सांग, काय झालंय? आईला दे ना जरा."

तेव्हा गोडबोल्यांच्या तोंडून ते निघालं. आपण काय बोलतोय ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"अगं, तिने मौन घेतलंय."

"मौन?"

"तुझ्यासाठीच. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत जपाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा निश्चय केलाय तिने. तुला माहितीय ना तिचं. एकदा ठरवलं की ठरवलं."

मग ठमी हसली, आणि हसता हसता रडली. "अशीच आहे ती," म्हणाली. "जप करते म्हणतोस, तो तरी ऐकव."

गोडबोल्यांनी फोन बायकोच्या कानाशी धरला. "हरि ॐ तत्सत्," ती म्हणाली, पुन्हा म्हणाली, घाईघाईने, जणू त्या शब्दांच्या मागे उभं असलेलं दुसरं काहीतरी पुढे ढकलत होती. ठमीला तो आशीर्वाद वाटला.

फोन ठेवल्यावर गोडबोले बायकोच्या नजरेला नजर देईनात. "काय करणार?" ते म्हणाले. "ती तिकडे पडून आहे. कळलं तर उठून धावत येईल. पोटातल्या जिवाचं काय?" बायको खिडकीकडे तोंड करून बसली. त्या संध्याकाळी तिने जप केला नाही. तिच्याजवळ बोलायला तेवढे तीनचार शब्द उरले होते, आणि तेही तिने बंद ठेवले.

एक खोटं सांभाळायला दहा लागतात. ठमीने चेहरा दाखव म्हटलं, तर गोडबोल्यांच्या फोनचा कॅमेरा बिघडला. आईने दोन ओळी लिहून पाठवाव्यात म्हटलं, तर मौनात लिहिणंही वर्ज्य निघालं. योगाच्या बाई काय म्हणतात, असं विचारलं तर बाई खूश होत्या. त्या वारून बरीच वर्षं झाली होती; ठमीला ते कळवायचं राहून गेलं होतं.

याच सुमारास दवाखान्याने एक थेरपिस्ट बाई घरी पाठवायला सुरुवात केली. तरुण होत्या, केस आखूड, आणि येताना नेहमी एक कागदी पिशवीभर चित्रं घेऊन यायच्या. कप, चमचा, कुत्रा, छत्री. चित्रांचा काही उपयोग झाला नाही. पण जप ऐकला आणि त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "साधं बोलणं मेंदूच्या ज्या बाजूने होतं ती बाजू दुखावली आहे. पण गाणं, तोंडपाठ म्हणणी, रोजचे मंत्र यांना पलीकडची बाजूही हात देते. पुढचं दार बंद झालंय. यांनी इतकी वर्षं मागच्या दारानेही ये-जा ठेवली होती म्हणून तेवढं उघडं राहिलं. आपण याच दाराने एकेक शब्द आणायचा प्रयत्न करू."

मग त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला आणि जपाच्या ठेक्यावर हलकेच थोपटायला सुरुवात केली. ह-रि-ओम्-तत्-सत्. तोच ठेका, तीच चाल, आणि मंत्राच्या जागी साधे शब्द. म-ला-पा-णी-दे. दा-र-बं-द-कर. गोडबोल्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ हे करायचं होतं. म्हणण्यापेक्षा गुणगुणायचं, आणि प्रत्येक अक्षराला हातावर थाप द्यायची. घाई करायची नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे, "त्यांना हवं असेल तेच वाक्य घ्या. तहान नसताना पाणी मागायला लावू नका. खोट्या वाक्याला जोर येत नाही."

जाता जाता त्यांनी विचारलं, "मुलीला कल्पना आहे ना यांच्या तब्येतीची?"

"हो, हो. सगळं सांगितलंय," गोडबोले म्हणाले.

आतून एका दमात, खालच्या पट्टीत आवाज आला, "हरि ॐ तत्सत्."

"छान म्हणतात," थेरपिस्ट बाई म्हणाल्या.

महिने गेले. ठेक्यात बसवलेले शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथून मंत्र होऊन बाहेर पडायचे. कधी 'पा' ऐकू यायचा, कधी 'दा'. तिकडे ठमीचा आवाज बदलत चालला होता. आधी ती मौनाचं कौतुक करायची. मग चौकशी करायची. मग करेनाशी झाली. एकदा म्हणाली, "बाबा, इथे मला रात्रंदिवस छताकडे बघत पडायचंय. मला तिच्या निश्चयाची नाही, तिची गरज आहे. हे तिला कळत नाही का?"

"कळतं गं. पण व्रत मोडलं की..."

"मोडू दे ना मग," ठमी म्हणाली, आणि फोन ठेवला.

दिवस भरायच्या बरेच आधी, एका दुपारी, तिचा पुन्हा फोन आला. गोडबोले सूप गरम करत होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि खुर्चीतल्या बायकोच्या अंगाभोवती शाल सारखी करायला लागले.

"आई, ऐकतेयस ना?" ठमीचा आवाज बारीक, लहानपणीसारखा येत होता. "उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. बाळाचे ठोके कमी झालेत, आता थांबायचं नाही म्हणतात. ते अजून खूप छोटं आहे, आई. काय होईल ते कुणी सांगत नाही. मला खूप भीती वाटतेय. मी आजवर हट्ट केला नाही. पण आज एकदा बोल. एकच. नुसतं 'ठमे' म्हण."

आईचं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. "हरि," ती म्हणाली. थांबली. डावा हात टेबलावर आपटायला लागली, ठेक्यावर, थेरपिस्ट बाई थोपटत तसा. "हरि... हरि ॐ..."

"जप नको गं आई!"

"हरि ॐ तत्सत्," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

पलीकडे ठमी रडत नव्हती. रडण्याच्या पलीकडचं, कोरडं काहीतरी तिच्या आवाजात आलं होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "सांभाळ तुझं मौन. उद्या मला काही झालं ना, तरी सोडू नकोस."

गोडबोल्यांनी घाईघाईने फोन उचलला. "अगं ठमे, असं नको बोलू. ती... ती खुणेने सांगतेय बघ, मनातून ती तुझ्यापाशीच आहे म्हणतेय. तुझ्यासाठीच तर तिने हे मौन..."

"खोटं."

शब्द जाडाभरडा होता. 'ख' घशातच घासला गेला होता, 'टं' जिभेला धड लागला नव्हता. पण तो मंत्र नव्हता. गोडबोले वळले. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिने डावा हात वर उचलला आणि टेबलावर आपटला. "खो-टं."

"कोण बोललं?" फोनमधून ठमीने विचारलं. "आई बोलली? बाबा, ती काय म्हणाली? काय खोटं?"

स्टोव्हवर सूप करपायला लागलं, त्याचा वास सुटला. गोडबोले स्टूल ओढून बसले.

"आईने मौन घेतलेलं नाही," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तिला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. मंत्र तेवढा राहिला. आत्ता म्हणाली तो तिचा पहिला शब्द."

ठमीने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे ती इतके महिने माझ्याशी बोलायला बघत होती?"

"हो."

"आणि मी तिला नाही नाही ते..." वाक्य तिथेच राहिलं. मग ती म्हणाली, "फोन आईकडे द्या."

'द्या' म्हणाली. बोलायला लागल्यापासून ती बापाला अरेतुरे करत आली होती, 'बाबा, जेवलास का, बाबा, तुझं डोकं फिरलंय का.' ते एक अक्षर गोडबोल्यांच्या छातीत रुतून बसलं. त्यांनी फोन बायकोच्या कानाशी धरला. तिने तो डाव्या हाताने स्वतःकडे ओढून घेतला.

ठमी काय बोलली ते त्यांना ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने बायकोचा जप सुरू झाला, संथ, पूर्वी खिडकीपाशी चालायचा तसा. आणि त्यात दुसरा आवाज मिसळला. तिकडून, पलंगावर पडल्या पडल्या, लेकही तेच म्हणत होती. लहानपणी अभ्यास करता करता कानावर पडून तिचं पाठ झालेलं. दोघी किती तरी वेळ म्हणत होत्या. गोडबोल्यांनी स्टोव्ह बंद केला. करपलेलं पातेलं मोरीत ठेवून त्यात पाणी सोडलं. त्या दोघींच्या मध्ये जायला त्यांना कुठूनच वाट नव्हती.

मुलगी झाली. ओंजळभर. काचेच्या पेटीत ठेवली, नळ्या लावल्या, आणि खूप दिवस काही सांगता येत नाही असंच सांगत राहिले. बातम्या जावईच कळवायचे. ठमी फोन करायची तो आईसाठी. "कसे आहात?" एवढं विचारायची, आणि उत्तर यायच्या आत, "आईला देता का?" आईजवळ आता थोडे शब्द आले होते. हो, नको, पाणी, आण, ऊन. आणि ठमी, तेही शेवटी आलंच. ते पहिल्यांदा आलं तेव्हा फोनवर दोघींनी काय केलं, हे गोडबोल्यांनी जिन्यात उभं राहून ऐकलं.

पोर पेटीतून बाहेर आली, अंगाला लागली, प्रवास करण्याइतकी झाली, तेव्हा ठमी तिला घेऊन आठवडाभरासाठी आली. आजीचं आणि नातीचं लगेच जमलं. दोघींनाही बोलायची घाई नव्हती. एकीच्या तोंडून 'आण' आलं की दुसरी 'आं' म्हणायची. ठमी आईचे केस विंचरायची, तिच्याबरोबर ठेका धरून शब्दांचा सराव घ्यायची. वडिलांशीही नीट वागायची. चहा द्यायची, औषधं घेतलीत का म्हणून विचारायची. दवाखान्यातली एखादी चांगली नर्स वागावी तशी.

जायच्या आदल्या दिवशी गोडबोले भांडी विसळत होते आणि ठमी ती पुसत होती. तिने बोलायला सुरुवात केली.

"आजारी आहे म्हणाला असतात ना, तर मी रडले असते. घाबरले असते. पण मौन म्हणालात. त्यामुळे मी तिच्यावर रागावले. पडून पडून मी रोज तिला मनातून थोडी थोडी काढून टाकत होते, बाबा. ती तिकडे एकेका शब्दाशी झगडत असताना."

"अगं, तुला जपायलाच तर..." गोडबोल्यांनी सवयीने सुरुवात केली. वाक्य तयार होतं, त्याचा शेवटही गोड होता. ते थांबले. नळ बंद केला. "नाही," म्हणाले. "सुरुवातीला तुला जपायलाच होतं. नंतर नव्हतं. तू फोनवर रडली असतीस, आणि मला इथे एकट्याने ते ऐकून घ्यायला लागलं असतं. मला ते नको होतं. म्हणून बोललो."

हातातली बशी पुसून झाली तरी ठमी ती पुसत राहिली. "बरं," ती म्हणाली. आणि बशी फळीवर ठेवताना, "हे सांगितलंत ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी ती गेली. टॅक्सीत बसताना तिने वडिलांना वाकून नमस्कार केला, पोरीचा हात धरून हलवला, "आजोबांना टाटा कर" म्हणाली. 'तू' काही म्हणाली नाही. गोडबोल्यांनीही "लवकर ये, घर कसं भरल्यासारखं वाटलं" वगैरे काही म्हटलं नाही. टॅक्सी वळेपर्यंत उभे राहिले आणि वर आले.

घरात खुळखुळ्याचा एक तुकडा सापडला, तो त्यांनी खिडकीत ठेवला. ऊन उतरत होतं. सरावाची वेळ झाली होती म्हणून त्यांनी खुर्ची बायकोच्या समोर ओढली आणि तिचा डावा हात हातात घेतला. काय वाक्य घ्यावं त्यांना सुचेना. तहान तिला नव्हती, दार बंदच होतं. मग हातावर थोपटत, चालीवर, हळू म्हणाले, "म-ला-ए-क-टं-वा-ट-तं."

तिने नेहमीसारखं त्यांच्या ओठांकडे बघत म्हणून पाहिलं. "म-ला... ए-क..." अडली. त्यांनी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तिने त्यांची थाप थांबवली, त्यांची बोटं आपल्या मुठीत धरली, आणि ठेक्याशिवाय, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाली, "मला. एकटं. वाटतं."

गोडबोल्यांना वाटलं, सराव चांगला झाला. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुलाही?"

"हो," ती म्हणाली.

त्यांनी हात सोडला नाही. दुकानात त्या दिवशी गादीच्या कडेला बसलो होतो, प्लास्टिक करकरत होतं, आणि उठावंसं वाटत नव्हतं, हे त्यांनी तिला सांगितलं. सांगताना ते बऱ्याचदा अडखळले. ठमी 'द्या' म्हणाली तेही सांगितलं. "तिला परत अरेतुरे करायला कसं लावायचं मला कळत नाही," म्हणाले, "आणि गोड बोलून ते होणार नाही." बायको ऐकत होती. मध्येच तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, जमलं नाही, मान हलवून सोडून दिलं, आणि खुणेने त्यांना पुढे बोला म्हणाली.